टाकसाळीचा पलंग

एक होता तिकीटवाला, एक होती त्याची बायको, आणि दोघांना मिळून एकुलती एक लेक. तिघांना मिळून दोन खोल्या, मागे वीतभर अंगण, आणि त्या दोन खोल्यांत काही केल्या न मावणारा एक पलंग. आधी पलंग ठेवला असावा आणि मग त्याच्याभोवती भिंती बांधल्या असाव्यात, असं लेक म्हणायची. पलंगावरून उतरलं की थेट स्वयंपाकघरात पाय पडायचा.

तिकीटवाला तिकिटं विकायचा ती जुन्या टाकसाळीत. गोऱ्या साहेबांचं राज्य होतं तेव्हा तिथे सोन्याची नाणी पडायची. पुढे साहेब बोटीत बसून गेले. जाताना सोनं घेऊन गेले, यंत्रं जड म्हणून ठेवून गेले. मग नव्या सरकारनं दाराला पाटी लावली, आत दोऱ्या बांधल्या, आणि आपल्याच सोन्याचं काय झालं ते पाहायला लोक पैसे मोजून येऊ लागले. ते पैसे तिकीटवाला खिडकीतून घ्यायचा. (सुटे नाहीत म्हणून दिवसातून शंभरदा भांडायचा. नाणी पाडणाऱ्या जागेत सुट्या नाण्यांची एवढी टंचाई जगात दुसरीकडे कुठे नसेल.)

माणूस तसा सरळ होता, पण डोक्यात एक कल्पना शिरली की बाकीच्या सगळ्या गोष्टी तिला जागा करून द्यायला बाहेर पडायच्या. एकदा कुणीसं सांगितलं, पंख्याच्या पात्यांना साबण लावला की माशा येत नाहीत. त्यानं लावला. पंखा सुरू केला. माशा गेल्या की नाही देव जाणे, पण जेवायला बसलेल्या सासूच्या डोळ्यांत साबण गेला आणि ती जी गेली ती वर्षभर आली नाही. "म्हणजे उपाय अगदीच वाया नाही गेला," असं तो म्हणाल्याचं बायकोला अजून आठवतं.

तर एके दिवशी जेवताना लेकीनं सांगितलं की तिनं मुलगा पसंत केलाय. लेक डोळ्यांच्या दवाखान्यात चष्म्याचे नंबर काढायची. समोरच्याला नीट बघायची सवय होती तिला, म्हणून आईबापाला काळजी नव्हती.

"काय करतो मुलगा?" तिकीटवाल्यानं विचारलं.

"फिटर आहे. लिफ्ट दुरुस्त करतो."

"चांगलं आहे. म्हणजे वर-खाली चालूच. घरी कोण कोण?"

"आई आहे फक्त. सोनारगल्लीत असते."

तिकीटवाल्याच्या हातातला घास तसाच राहिला. "सोनारगल्लीत?"

"हो."

"गल्लीच्या तोंडाशी, की आत?"

"बाबा, रविवारी ती दोघंही येणार आहेत. तेव्हा काय ते विचारा ना."

बायकोनं नवऱ्याकडे पाहिलं आणि पोळपाटावरून हात झटकले. "अहो, आत्तापासून काही ठरवू नका."

"मी कुठे काय ठरवतोय?"

"तुमच्या भुवया वर गेल्यात. पंख्याच्या वेळी अशाच गेल्या होत्या."

पण भुवया काही खाली येईनात. सोनारगल्ली म्हणजे काचेची दुकानं, मखमलीच्या पेट्या, दारात बंदूकवाला. अशा घरची बाई येणार, लेकीला पाहणार, आणि मग गोड आवाजात विचारणार, "मुलीच्या अंगावर काय घालणार?" बायकोच्या कानातलं सोडलं तर घरात सोनं म्हणावं असं काही नव्हतं. आजा टाकसाळीत होता, पण तोही दांडा ओढणारा. नाणं पाडायला वरचा ठसा खाली आणायचा म्हणजे जडशीळ दांडा फिरवावा लागे, तो दोघं-चौघं मिळून दिवसभर फिरवत. आज्याच्या हाताखालून गिन्यांचे ढिगारे गेले, आणि घरी काय आलं? टाकसाळ बंद पडली तेव्हा उखडलेल्या जमिनीच्या गाडीभर लाकडी फळ्या. त्यांचा त्यानं पलंग केला, एक टेबल केलं, फडताळ केलं, आणि उरलेल्या फळ्यांचं न्हाणीघराला दार लावलं. एवढीच साहेबाच्या राज्याची कमाई.

शनिवारी टाकसाळीत नवी गाईडबाई आली. जुने गाईड मास्तर रिटायर झाले होते. मास्तरांचं बोलणं तिकीटवाल्याच्या कानांवर इतकी वर्षं पडलं होतं की ते त्याला पंख्याच्या घरघरीसारखंच झालं होतं, बंद पडलं तरच कळायचं. पण ही बाई नवी होती, खणखणीत बोलत होती, आणि खिडकीवर गिऱ्हाईक नव्हतं.

"इथे देशी मोहरा यायच्या," ती सांगत होती, "त्या वितळवायच्या, आणि त्याच सोन्याच्या राणीच्या डोक्याच्या गिन्या पाडायच्या. राणीचा ठसा बोटीनं यायचा. राणी तिकडे म्हातारी झाली, नातवंडांची झाली, तरी नाण्यावर आपली विशीतलीच. शेवटी साहेबांनाच लाज वाटली आणि नवा ठसा आला."

लोक हसले.

"नाण्याच्या कडेला हे दाते बघा. लोक कडेनं सोनं खरवडून घ्यायचे, म्हणून दाते आले. कामगारांच्या कपड्यांना खिसे नसत. सुट्टी झाली की आंघोळ करून बाहेर पडायचं, आणि ते आंघोळीचं पाणीसुद्धा साठवून गाळायचं. का? तर सोन्याची धूळ उडते. केसांत बसते, धुराड्यात बसते. आणि सगळ्यांत जास्त कुठे बसत असेल? जमिनीच्या लाकडी फळ्यांत! म्हणून दर काही वर्षांनी साहेब फळ्या उखडायचे, जाळायचे आणि राखेतून सोनं काढायचे."

तिकीटवाला खिडकीत उभा राहिला. एक गिऱ्हाईक येऊन "दोन द्या" म्हणालं, त्याला त्यानं पाच तिकिटं दिली आणि पैसे घेतलेच नाहीत.

फळ्या! तो फळ्यांवर झोपत होता! लग्न झाल्यापासून तो आणि त्याची बायको सोन्यावर लोळत होती, आणि वर कंबर दुखते म्हणून तक्रार करत होती!

रविवारी त्यानं रजा टाकली. बायको आणि लेक बिस्किटं, फळं आणायला आणि मावशीकडून बऱ्यापैकी कप मागून आणायला निघाल्या. जाताना बायको उंबऱ्यावरून वळली.

"चादर बदला, आणि स्वस्थ बसा."

"बसतो."

"काही करू नका."

"काय करणार आहे मी?"

"तेच म्हणतेय. काहीही."

त्यानं खरोखर चादर काढली. मग गादी उचलली. खाली फळी होती, काळीभोर, गुळगुळीत. फक्त बोटाएवढी ढलपी काढून बघायची, त्यानं ठरवलं. बोटाएवढ्या ढलपीनं पलंगाचं काय बिघडतंय?

ढलपी काढली, अंगणात पत्र्याच्या जुन्या ड्रममध्ये जाळली. राखेत काहीतरी चमकलं. (तो खिळ्याचा तुकडा होता. पण ते पुढे कळलं, आणि तेव्हा कळून उपयोग नव्हता.)

मग एक फळी काढली. एक फळी काढल्यावर पलंगाला मधोमध खिंडार पडलं. खिंडार पडलेल्या पलंगावर झोपणार कोण? म्हणून दुसरी काढली. दोन फळ्यांचा पलंग तर दिसायलाही बरा नव्हता. पलंग संपला तेव्हा ड्रमची आग छान पेटली होती, आणि पेटलेली आग वाया घालवणं त्याच्या जिवावर आलं. टेबल गेलं. फडताळ गेलं. शेवटी तो हातात करवत घेऊन न्हाणीघराच्या दारासमोर उभा राहिला. तिथे मात्र त्यानं क्षणभर विचार केला. सोनं मिळालं की दार कधीही घेता येतं, दारापासून सोनं एरवी काही मिळत नाही. आणि इथे तर मिळतंय! दारही गेलं.

वरच्या मजल्यावरच्या पोस्टमननं खिडकी उघडली. त्याच्या वाळत घातलेल्या शर्टांवर धूर चालला होता.

"काय हो, काय जाळताय?"

"फर्निचर!"

"ढेकूण झालेत का?"

"ढेकूण कसले, सोनं आहे सोनं!"

पोस्टमननं त्याच्याकडे एकवार नीट पाहिलं, शर्ट आत घेतले आणि खिडकी लावून घेतली.

बायको आली तेव्हा आग विझवून झाली होती. ड्रम घमेल्यात उपडा केला होता आणि तिकीटवाला भुवयांपर्यंत काळा होऊन राखेत बोटं घालत होता. बायकोनं आधी खोलीत पाहिलं. मग अंगणात पाहिलं. मग परत खोलीत जाऊन आली.

"पलंग कुठाय?"

"जरा थांब, सांगतो."

"मी थांबते. पलंग कुठाय?"

"या घमेल्यात."

"आणि टेबल?"

"तेही त्यातच. म्हणजे तसं सगळं एकत्रच झालंय आता."

आतून लेकीची किंकाळी आली. "आई! न्हाणीघराला दार नाही!"

बायकोनं मावशीचे कप हळूच जमिनीवर ठेवले. (टेबल असतं तर टेबलावर ठेवले असते.) त्यानं घाईघाईनं सगळं सांगितलं: राणीची गोष्ट, आंघोळीचं पाणी, धुराडं, फळ्या.

"पाहुण्यांना बसवणार कुठे?" बायको म्हणाली.

"अगं, एकदा सोनं निघालं की..."

"सोन्यावर बसवणार?"

"लेकीसाठीच केलं ना सगळं! त्या बाईनं विचारलं, अंगावर काय घालणार, तर काय सांगू? तिकिटं?"

बायकोचा चढलेला पारा जरासा उतरला. पण जरासाच. "ते घमेलं आधी मागच्या गटारात ओता. पाहुण्यांनी हे पाहिलं तर उभ्या उभ्या परत जातील. लेकीचं मन आहे त्या मुलावर, कळतंय का तुम्हाला? ओता आधी!"

आपण लेकीचं भलं करायला गेलो आणि तिचं ठरणारं लग्नच जाळून ठेवलं, हे तिकीटवाल्याच्या आत्ता कुठे ध्यानात येत होतं. त्यानं घमेलं उचललं, मागचं दार ढकललं आणि गल्लीतल्या गटारावर घमेलं वाकडं केलं.

"ओ! थांबा! राख कसली टाकताय?"

समोर एक बाई उभी होती. काटक अंगाची, आवाज असा की पोस्टमनची खिडकी पुन्हा उघडली. तिकीटवाल्याला वाटलं, धुराची तक्रार गेली आणि नगरपालिकेची बाई आली.

"बाई, दंड काय असेल तो भरतो," तो काकुळतीनं म्हणाला, "पण आज जाऊ द्या. आज आमच्याकडे सोनारगल्लीच्या मोठ्या बाई यायच्यात."

"असं? किती मोठ्या?"

"दोन-चार दुकानं तरी असतील. मखमलीशिवाय बसत नसतील कुठे."

"अगोबाई. आणि तुम्ही बसवणार कशावर?"

"तोच तर घोळ झालाय. बसायचं सगळं या घमेल्यात आहे."

बाईच्या मागे उभा असलेला तरुण खोकला. धुराचा खोकला नव्हता तो. तेवढ्यात लेक दारात आली आणि जागच्या जागी थिजली.

"बाबा," ती हळूच म्हणाली, "याच त्या."

घमेलं तिकीटवाल्याच्या हातातून सुटायचंच, पण बाईनं ते खालून झेललं. राखेत तिनं दोन बोटं घातली, चिमूट उचलली, डोळ्यांजवळ नेली. बोटांची पेरं पाण्यानं पांढरी, चिरलेली होती. मखमलीची बोटं नव्हती ती.

"मी झारेकरीण आहे," ती म्हणाली. "सोनारांच्या दुकानांतला केर विकत घेते, जाळते, धुते, त्यातून जे कणभर सोनं निघतं त्यावर घर चालवते. दुकान नाही माझं. दुकानासमोरची धूळ आहे." मग ती लेकीकडे वळली, आणि तिचा मोठा आवाज एकदम लहान झाला. "तू सांगितलं नाहीस घरी? लाज वाटली माझ्या कामाची?"

मुलानं "आई..." म्हणून तोंड उघडलं आणि मिटलं.

"जिला माझं काम सांगायची लाज वाटते, ती माझ्या घरी कशी राहणार?" बाई म्हणाली. "चल रे, निघू या."

लेकीच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, पण ती बापाची लेक होती आणि आईचीही. ती पुढे आली.

"लाज नाही वाटली. मी तुमच्या घरी येऊन धुवायला शिकलेय, विचारा याला. पण बाबांना सांगितलं असतं ना, की तुम्ही राखेतून सोनं काढता, तर त्यांनी घरात जे सापडेल ते जाळून ठेवलं असतं आणि तुम्हाला आल्या आल्या धुवायला बसवलं असतं! म्हणून तुम्ही येईपर्यंत नुसतं सोनारगल्ली म्हटलं. त्यांना मी ओळखते."

बाईनं घमेल्याकडे पाहिलं. मग भुवयांपर्यंत काळ्या झालेल्या तिकीटवाल्याकडे पाहिलं. मग उघड्या दारातून आत पाहिलं. खोलीत नुसती गादी पडली होती, आणि पलीकडे न्हाणीघराची बालदी सगळ्या जगाला दिसत होती.

"न सांगता जाळलं?" तिनं विचारलं.

"न सांगता," बायको म्हणाली. "सांगितलं असतं तर मोठ्या खोलीचं दारही गेलं असतं."

आणि ती बाई जी हसायला लागली, ती भिंतीला धरूनच हसायला लागली. तिचं बघून मुलगा हसला, लेक रडता रडता हसली, वरून पोस्टमन हसला. तिकीटवाला तेवढा हसला नाही. आपलं कौतुक चाललंय की काय, याचा त्याला अंदाज येत नव्हता.

"पण सोनं आहे ना त्यात?" त्यानं हळूच विचारलं. "टाकसाळीच्या फळ्या आहेत."

"टाकसाळीच्या?" बाईनं डोळे पुसले. "माझी आजी टाकसाळीची राख धुवायची. साहेब छत्री घेऊन तिच्या डोक्यावर उभा असायचा. तिला ऊन लागू नये म्हणून नाही, तिनं तोंडात कण टाकू नये म्हणून. नाणी पाडायच्या खोलीतली फळी न जाळता फाटकाबाहेर जायचीच नाही." घमेल्यातला एक अर्धवट जळालेला तुकडा तिनं उचलला, थुंकी लावून चोळला. निळा डाग उमटला. "शाई. या कारकुनांच्या खोलीतल्या फळ्या."

तिकीटवाला गटाराच्या काठावरच बसला. जन्मभर शाईवर झोपलो, एवढंच त्याच्या तोंडून निघालं.

"उठा. राख झालीच आहे तर धुवून बघू," बाई बाह्या सरसावत म्हणाली. "न धुता राख टाकली तर मला आठवडाभर झोप यायची नाही."

बायकोनं मोठी परात आणली. बाईनं राख पाण्यात कालवली, परात अशी काही फिरवायला लागली की पाणी काळी धूळ घेऊन आपण होऊन काठावरून जाई आणि जड ते तळाशी राही. लेक शेजारी बसून पाणी घालत होती, न सांगता, बरोबर वेळेला. तळाशी आले ते खिळे. मग आणखी खिळे. मग एक बटण. मग बाईचा हात थांबला.

पिवळं. मसुराच्या दाण्याएवढं.

"सोनं!" तिकीटवाला असा ओरडला की पोस्टमनच्या हातून चहा सांडला. "म्हटलं नव्हतं मी! सोनं!"

बायको वाकली. तिनं तो दाणा उचलला, पदराला पुसला, उजेडात धरला. आणि तिनं कानातलं काढलं.

"ही माझी फिरकी आहे," ती म्हणाली. "लेक रांगत होती तेव्हा हरवलेली. पलंगाच्या फटीत गेली असणार. तेव्हापासून या कानातल्याला मागून पेन्सिलीच्या रबराचा तुकडा लावतेय मी. दर महिन्याला नवा." तिनं रबर काढून नवऱ्याच्या तळहातावर ठेवलं आणि फिरकी कानातल्याला फिरवून बघितली. अगदी घट्ट बसली.

"म्हणजे पलंगात सोनं होतंच की," तो म्हणाला.

"होतं. माझंच."

मग गादीवरच सगळे बसले, मावशीच्या कपांतून चहा झाला. बाईला हातपाय धुवायचे होते, तेव्हा बायको न्हाणीघरासमोर चादर धरून उभी राहिली. चादरीमागून बाईचा आवाज आला, "व्याह्यांच्या घरी पहिल्याच दिवशी हा प्रसंग! आता परकेपणा कसला ठेवायचा? मुलगी माझी झाली, बरं का. तिला परात धरता येते. आणि वडिलांना सांगा, तिच्या अंगावर काही घालू नका, नुसते लग्नाला या. येताना काडेपेटी आणू नका."

चादरीअलीकडे लेकीनं आईचा हात घट्ट धरला. तिकीटवाल्यानं मान वळवली. धूर डोळ्यांत गेला होता म्हणाला.

लग्न झालं. लेक आठवडाभर चष्म्याचे नंबर काढते, आणि रविवारी सासूशेजारी बसून सोनारगल्लीची धूळ धुते. पाहणारे म्हणतात, मायलेकीच वाटतात. तिच्या आईच्या दोन्ही कानांत दोन्ही फिरक्या आहेत. आणि जावई असा गुणी निघाला की पुढच्याच महिन्यात सासऱ्याच्या घरी टेम्पो भरून आला. नवा पलंग, नवं टेबल, नवं फडताळ, न्हाणीघराला नवं कोरं दार, सगळं त्यानं स्वतःच्या हातानं बनवलेलं. तिकीटवाल्याचा ऊर भरून आला. त्यानं पलंगावरून मायेनं हात फिरवला, बोटांनी टकटक वाजवून पाहिलं, आणि जावयाकडे बघितलं.

सगळं लोखंडी होतं.